फोटो दुप्पट, माउंटचे पैसे नऊपट कसे? मोठ्या फ्रेमचा हिशेब समजून घेऊ

मागच्या पावसाळ्यात, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आठ-दहा दिवस उरले असताना वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या एका गावचे गुरुजी माझ्या फ्रेमच्या दुकानात आले. काखेत पाण्याचा जाड पाइप, आणि त्या पाइपात गुंडाळलेला नकाशा. काउंटरवर तो मावेना म्हणून आम्ही खाली सतरंजीवर पसरला. शाळेतल्या पोरांनी चित्रकलेचे कागद एकाला एक जोडून गावाचं पूर्ण शिवार काढलं होतं. नाला, पांदण रस्ते, विहिरी, कोणाच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे तेसुद्धा. माप ३० इंच बाय ४८ इंच. ग्रामपंचायतीच्या सभागृहात लावायचा होता.

गुरुजींना माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती असतो तो बोर्डाचा पट्टा, नवा नव्हता. वर्षभरापूर्वी शाळेचा एक फोटो त्यांनी माझ्याकडून फ्रेम करून नेला होता. त्याच्या माउंटचे ३६५ रुपये झाले होते. या नकाशाच्या नुसत्या माउंटचे मी ३,१८५ रुपये सांगितले. काच, फ्रेमची पट्टी, मागची पाठ वेगळी.

"भाऊ, इतले कायचे पैसे हो? नकाशा मोठा आहे, मान्य. पण नऊपट तं नाही ना!"

प्रश्न रास्त होता. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि बहुतेक दुकानदार "मोठ्या मालाचा रेट वेगळा असतो" एवढंच सांगून मोकळे होतात. गिऱ्हाईक मनात समजतं ते समजतं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडतो.

माउंट कशासाठी असतो

फोटो किंवा चित्राच्या भोवती, फ्रेमच्या आत जो रुंद पट्टा दिसतो, तो माउंट. जाड बोर्डाची एक शीट घ्यायची, मधोमध खिडकी कापायची आणि चित्र मागून लावायचं. खिडकीची धार सरळ कापत नाहीत, ४५ अंशात तिरपी कापतात. त्यामुळे बोर्डाच्या आतला पांढरा गर बारीक रेघेसारखा दिसतो आणि नजर चित्राकडे जाते.

लोकांना वाटतं, हे सगळं शोभेसाठी. शोभा आहेच, पण माउंटचं खरं काम कागद आणि काच यांच्यात अंतर ठेवण्याचं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या भिंती ओल धरतात. तो दमटपणा काचेच्या आतून बसतो. फोटो काचेला टेकलेला असेल तर त्याचा वरचा थर काचेलाच चिकटतो. प्रत्येक घरात आजोबांचा असा एखादा फोटो असतो, ज्यात गालावर किंवा फेट्यावर ओला दिसणारा चट्टा पडलेला असतो. तो काढायला गेलं की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. माउंटच्या दीड मिलिमीटर जाडीनं हे टळतं.

कुंपण आणि पेरणी

आता पैशाकडे येऊ. शेताचंच उदाहरण घेतो, कारण हे गणित आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. चौकोनी वावराला कुंपण घालायचं तर तार बांधावरून फिरते. पेरणीचं बियाणं मात्र आतल्या सगळ्या जमिनीला लागतं. वावराची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर तार दुप्पट लागते, बियाणं चौपट.

फ्रेमची पट्टी म्हणजे कुंपण. ती रनिंग फुटावर विकली जाते, म्हणजे जितकी लांबी तितके पैसे. माउंट, काच आणि मागची पाठ म्हणजे पेरणी. ती चौरस फुटावर जाते.

गुरुजींच्या जुन्या फोटोचा माउंट बाहेरून १८ बाय २४ इंच होता. म्हणजे ३ चौरस फूट. नकाशाचा माउंट बाहेरून साडेएकोणचाळीस बाय साडेसत्तावन्न इंच. म्हणजे जवळजवळ १५.८ चौरस फूट. डोळ्याला नकाशा दुपटीहून थोडाच मोठा वाटतो, कारण आपण बाजू बघतो. क्षेत्रफळ मात्र सव्वापाचपट झालेलं असतं.

म्हणजे सव्वापाचपटीचा उलगडा झाला. उरलेलं कुठून आलं?

बंडी भरली की दुसरी बंडी

बोर्ड कापडासारखा हवा तेवढा फाडून मिळत नाही. माझ्याकडे येणारी नेहमीची शीट ३२ बाय ४० इंचांची. त्याहून मोठी घ्यायची तर ४० बाय ६०. मधलं माप नाही.

बंडीत, म्हणजे बैलगाडीत, जेवढी पोती मावतात तेवढी एका फेरीत जातात. त्यावर एकच पोतं जास्त झालं तरी दुसरी फेरी करावी लागते, आणि त्या फेरीचं भाडं एका पोत्यापुरतं कोणी घेत नाही. शीटचंही तसंच आहे. तुमचा माउंट ४० इंचांत बसला तर साध्या शीटचे पैसे. ४१ इंच झाला की सरळ मोठी शीट.

जुन्या फोटोचा माउंट १८ बाय २४ होता. ३२ बाय ४० च्या एका शीटमधून असे दोन निघतात, त्यामुळे गुरुजींना अर्ध्याच शीटचे पैसे पडले. नकाशाला अख्खी मोठी शीट लागली. बाजूच्या दोन-अडीच इंचांच्या कात्रणांतून काहीच निघत नाही.

वाहतूकही इथंच बदलते. छोट्या शीटचा गठ्ठा नागपूरहून एसटीत कोणाच्या तरी सोबतीनं येतो. ४० बाय ६० ची शीट बसच्या दारातून नीट आत जात नाही, आणि वाकवली तर तिला कायमची सुरकुती पडते. ती आडवी ठेवून, दोन प्लायच्या मध्ये बांधून गाडीतच आणावी लागते. नागपूरच्या दुकानदाराला हा खर्च जवळपास नाही. तालुक्याच्या गावाला आहे, आणि तो मी लपवत नाही.

लांब कापात काय होतं

हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाइकाला हे कधीच दिसत नाही.

माउंट मागच्या बाजूनं कापतात. शीट पालथी टाकायची, पेन्सिलीनं खिडकी आखायची, लोखंडी पट्टीला कटर टेकवायचा आणि एका दमात ओढत आणायचा. चार काप असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन काप बरोबर एका बिंदूत भेटावे लागतात. आमच्या धंद्यात माप सुतात चालतं. ८ सूत म्हणजे १ इंच. काप कोपऱ्याच्या अर्धा सूत अलीकडे थांबला तर मधला तुकडा उचलताना बोर्डाचा गर फाटतो. अर्धा सूत पुढे गेला तर समोरून कोपऱ्यात ओरखडा दिसतो, आणि तो कशानंही भरून निघत नाही.

सतरा-अठरा इंचांच्या कापाला हात एकाच जागेवरून पुरतो. गुरुजींच्या नकाशाचा एक काप साडेसत्तेचाळीस इंचांचा होता. तेवढं ओढताना माणसाला पाय उचलून मागं सरकावं लागतं. सरकताना हातातला दाब बदलला की पात्याचं टोक बोर्डात वाकतं आणि धार लाटेसारखी होते. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं तर त्या जागी बारीक खाच राहते. म्हणून एक जण पट्टी दाबून धरतो, दुसरा ओढतो. पातं दर मोठ्या माउंटला नवं लागतं. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर एवढी मोठी शीट कडेनं उचलली जाते.

एका लग्नाच्या मोठ्या फोटोसाठी मी गर्द मरून रंगाची शीट आणली होती. तीन काप झाले. चौथ्या कापाच्या शेवटच्या चार इंचांत पात्याचं टोक तुटलं आणि कड कुरतडल्यासारखी झाली. शीट गेली. दुसरी नागपूरहून यायला तीन दिवस लागले आणि तोवर त्या घरचा समारंभ होऊन गेला होता. ते लोक काही बोलले नाहीत, पण मला ते अजून टोचतं. त्यानंतर बिघाडाचा वाटा मी दरात धरायला लागलो. सात मोठ्या शीटमागे एक वाया जाईल असं धरलं तर प्रत्येक कामावर शीटच्या किमतीचा सातवा हिस्सा येतो. छोट्या कामात हा वाटा धरायची गरज नसते. बिघडलेल्या छोट्या माउंटमधून आणखी छोटा माउंट निघतो.

आता आकडे मांडू

खालच्या किमती माझ्या हिशेबाच्या वहीतल्या पद्धतीनं, पण समजायला सोप्या जाव्यात म्हणून गोल केलेल्या आहेत. गावागणिक त्या बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही.

छोटा माउंट: साध्या शीटची किंमत ४०० धरली तर अर्धी शीट २०० रुपये. कापायची मजुरी ८०. झाले २८०. त्यावर दुकानभाडं, वीजबिल आणि माझं घर चालावं यासाठी ३० टक्के, म्हणजे ८४. एकूण ३६४, सांगताना ३६५.

मोठा माउंट: मोठी शीट १,४००. आणायचा खर्च २५०. दोन माणसांची आखणी, कापणी मिळून मजुरी ६००. बिघाडाचा वाटा २००. झाले २,४५०. त्यावर तेच ३० टक्के, म्हणजे ७३५. एकूण ३,१८५.

टक्केवारी दोन्हीकडे एकच आहे, हे बघा. आता हाच माउंट मी नुसत्या चौरस फुटानं विकला असता तर? ३६५ च्या सव्वापाचपट, म्हणजे साधारण १,९२० रुपये. माझा खर्चच २,४५० आहे. धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत मी असंच चौरस फुटानं सांगत होतो. मोठं काम आलं की आनंद व्हायचा आणि महिन्याच्या शेवटी गल्ला का भरत नाही ते कळायचं नाही.

"मधला एवढा मोठा तुकडा तुम्हीच ठेवता ना?"

हा सगळ्यात नेमका प्रश्न, आणि तो विचारायलाच हवा. खिडकी कापल्यावर साडेएकोणतीस बाय साडेसत्तेचाळीस इंचांचा अखंड बोर्ड हातात येतो. त्यातून दोन-तीन छोटे माउंट सहज होतात.

माझं मत असं की शीटचे पूर्ण पैसे गिऱ्हाइकानं दिले असतील तर तो तुकडा त्याचा आहे. हवा असेल तर न्यावा. नको असेल आणि रंग पांढरा किंवा क्रीम असेल तर मी बिलातून काही रक्कम कमी करतो, कारण तो तुकडा महिन्याभरात कामी येतो. मरून, काळा, गडद हिरवा असेल तर कमी करत नाही. असे तुकडे दुकानात वर्षानुवर्षं धूळ खातात. दुकानदार स्वतःहून हे बोलत नसेल तर तुम्ही विचारा.

"दोन तुकडे जोडून स्वस्तात होत नाही का?"

होतं. शीटमधून चार पट्टे कापून ते कोपऱ्यांवर ४५ अंशात जोडता येतात. खर्च बराच उतरतो. पण जोडाची रेघ जवळून दिसते, आणि पावसाळ्यात बोर्ड फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, तशी ती रेघ उघडत जाते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंश, म्हणजे वर्षभर ही ओढाताण चालू. सभागृहात आठ फुटांवरून बघायच्या नकाशाला हा जोड मी देईन, आधी सांगून आणि कमी पैसे घेऊन. हातभर अंतरावरून बघायच्या चित्राला देणार नाही.

"मग माउंटच नको"

हाही पर्याय आहे आणि कित्येकदा तोच बरा असतो. काचेच्या कडेला, फ्रेमच्या ओठाखाली, म्हणजे काचेवर येणाऱ्या तिच्या कडेखाली, लपेल अशी बारीक पट्टी चारही बाजूंनी लावायची. काच आणि कागद यांच्यात अंतर राहतं, माउंटचे पैसे वाचतात. चित्र थेट फ्रेमला भिडलेलं दिसतं, एवढाच फरक. माउंट नको असेल तर ही पट्टी मात्र आवर्जून मागा. काचेला कागद टेकवून दिलेली फ्रेम स्वस्त असली तरी चार पावसाळ्यांची.

"साधा पुठ्ठा लावा, कोणाला कळतंय?"

पाच-सहा वर्षांनी सगळ्यांना कळतं. साधा पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य काळानुसार आम्ल तयार करतं. आधी माउंटची तिरपी पांढरी धार तपकिरी होते, मग चित्राच्या कडेला चहाच्या डागासारखी रेघ उमटते. ती निघत नाही. चांगला माउंट बोर्ड आम्लरहित असतो आणि सगळ्यात टिकाऊ प्रकार कापसाच्या तंतूंचा असतो. जिनिंगमधून रुई काढून घेतल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तिच्यापासूनही असा कागद होतो. आपल्या वर्धा-यवतमाळच्या मातीतलं पीक, आणि त्याचा बोर्ड माझ्याकडे किती हात फिरून, किती महाग होऊन येतो, हे शीट उलगडताना दर वेळी मनात येतं.

छापून आणलेल्या पोस्टरला साधा बोर्ड चालेल. ते खराब झालं तर पुन्हा छापता येतं. पोरांनी हातानं काढलेला नकाशा पुन्हा मिळणार नाही.

मोठ्याला जाडही लागतं

झोपडीला बांबू चालतो, वाड्याला सागाची तुळई लागते. अंतर वाढलं की जाडी वाढवावीच लागते. मोठ्या फ्रेमच्या काचेचंही असंच. २ मिलिमीटरची काच छोट्या फोटोला पुरते. या मापाला ती लवचिक होते आणि भिंतीवर चढवतानाच तडकू शकते. ४ मिलिमीटरची घेतली तर नकाशाच्या मापाला नुसत्या काचेचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास होतं. सभागृहात खाली पोरं बसणार, म्हणून मी गुरुजींना ३ मिलिमीटर ॲक्रिलिक सुचवलं. त्याचं वजन सव्वापाच किलो, आणि फुटलं तरी काचेसारख्या धारदार फाका होत नाहीत.

ॲक्रिलिकला दोन पथ्यं आहेत. कोरड्या फडक्यानं पुसलं की ओरखडे पडतात आणि ते धूळ ओढून घेतं. कोळशानं किंवा खडूनं काढलेल्या चित्रावर लावलं तर चित्राची भुकटीसुद्धा ओढतं. दुसरं, ते उन्हाळ्यात वाढतं. साडेसत्तावन्न इंचांचा तुकडा थंडीपासून मे महिन्यापर्यंत साडेतीन मिलिमीटर लांबतो, म्हणजे एक सूताहून जास्त. काच त्याच काळात अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. फ्रेममध्ये तेवढी जागा सोडली नाही तर ॲक्रिलिक फुगून पुढे येतं. मोठं काम देताना "उन्हाळ्यासाठी जागा किती सोडता?" असं विचारा. उत्तर चटकन आलं तर माणसानं अशी कामं केलेली आहेत.

"नागपूरला स्वस्त पडतं"

कधीकधी खरंच पडतं. तिथल्या मोठ्या दुकानांत संगणकावर चालणारं कटिंग मशीन असतं, शीट थोकात येतात, बिघाड कमी होतो. तुमची स्वतःची गाडी तिकडे जाणारच असेल तर माउंट कापून आणा. मी त्याला फ्रेम लावून देईन. फक्त तो गुंडाळून आणू नका, आडवा आणा. आणि अर्धं मिलिमीटर चुकलं तर परत जाण्याची तयारी ठेवा, कारण माप तुम्ही दिलेलं असतं.

ॲडव्हान्सबद्दलही लोक नाराज होतात. साडेएकोणतीस बाय साडेसत्तेचाळीसची खिडकी जगात एकाच नकाशाला बसते. गिऱ्हाईक फिरकलं नाही तर ती शीट दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. शीटच्या किमतीएवढा ॲडव्हान्स घेणं मला योग्य वाटतं. पूर्ण बिलाचा घेणं योग्य वाटत नाही.

पैसे खरोखर कुठे वाचतात

घासाघीस करून शंभर-दोनशे सुटतात. माप बदलून हजार सुटतात, आणि हे शीट कापायच्या आधीच होऊ शकतं.

गुरुजींना चारही बाजूंनी ६ इंच माउंट हवा होता. मी वहीत आकृती काढून दाखवली. खिडकी साडेएकोणतीस इंच, कारण नकाशाच्या कडा दोन-दोन सूत माउंटखाली दाबाव्या लागतात. त्यात वरून-खालून ६-६ इंच मिळवले की साडेएक्केचाळीस. मोठी शीट ४० चीच आहे. म्हणजे त्याहून मोठा बोर्ड किंवा जोड. ५ इंच ठेवला तर साडेएकोणचाळीस, अर्धा इंच शिल्लक. वर सांगितलेले ३,१८५ रुपये या ५ इंचांचे होते. ६ इंचांचा आकडा मी त्यांना सांगितलाच नव्हता.

तुमचं काम द्यायला जाल तेव्हा आधी "शीट कोणत्या मापाची आहे?" एवढं विचारा आणि माउंटची रुंदी त्यावरून ठरवा. २४ बाय ३६ च्या फोटोला ३ इंच माउंट दिला तर मोठी शीट लागते. २ इंच दिला तर बाहेरचं माप साडेसत्तावीस बाय साडेएकोणचाळीस होतं आणि साध्या शीटमध्ये काठोकाठ बसतं, फक्त तिच्या कडा ठेचलेल्या नसल्या पाहिजेत. मोठ्या फोटोला २ इंच मला अंमळ आखूड वाटतो. पण बजेट तेवढंच असेल तर मी तोच देतो आणि फ्रेमची पट्टी थोडी रुंद सुचवतो.

गुरुजींनी ५ इंच, क्रीम रंग आणि ॲक्रिलिक घेतलं. नकाशा मागून पूर्ण चिकटवला नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावल्या, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला मोकळीक राहते. १३ ऑगस्टला संध्याकाळी ते टेम्पो घेऊन आले. फ्रेम उभी करून दोरीनं बांधली, वर ताडपत्री टाकली. निघताना त्यांनी मधल्या तुकड्याची आठवण केली.

तो मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाच होता. त्यावर आता पोरं गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी महिन्यावार मांडताहेत, असा त्यांचा परवा फोन होता.